लाल ठिपका

कमेंट, बारा वाजून चार मिनिटं : ताई, दोन वाट्या डाळीले मीठ किती?

कमेंट, बारा वाजून सहा मिनिटं : पदर.

एकेचाळीस दिवसांचे कार्यक्रम. सगळे एकाच दिवशी लावून ठेवलेले.

सिंदी रेल्वे गाव. कापसाच्या जिनिंगच्या मागे, निळं फाटक.

कमेंट, बारा वाजून नऊ मिनिटं : खिडकी लाव.

कडी बाहेरून.

ही सुरभीच्या वहीतली टिपणं. शेवटचं तिने आत्ताच लिहिलं होतं, मांडीवर वही धरून, समोरच्या बाईला दिसणार नाही असं.

सुरभी पुण्यात एका व्हिडिओ ॲपच्या कंपनीत होती. त्या ॲपवर लोक आपला कार्यक्रम थेट दाखवत, नाहीतर आधीच चित्रित करून ‘वेळ लावा’ हे बटण दाबून ठेवत. घोळ या बटणाचा होता. आधी चित्रित केलेल्या कार्यक्रमावरही थेट कार्यक्रमाचाच लाल ठिपका लुकलुकायचा. बघणारे प्रश्न विचारत बसायचे, आणि उत्तर काही यायचं नाही. समुद्रपूरचे रूपराव गुरुजी तिला म्हणाले होते, “चार दिवस झाले, मिठाचं विचारून राह्यलो. बाई माह्यावर रुसली काय?”

हे बटण सगळ्यांत जास्त वापरणारी बाई म्हणजे सिंदीची रुचिका. रोज बारा ते एक, ‘रुचिकाचा ओटा’. सुरभीचं माहेर समुद्रपूरचं, म्हणून कंपनीने तिलाच पाठवलं.

“रुचिकाताईंशी बोलायचं होतं, काकू.”

“ते काम करून राह्यली. मले विचार.”

सुलोचनाबाई, रुचिकाची सासू. स्वयंपाकघराच्या दारापुढे पाट टाकून बसल्या होत्या. सुरभीची नजर कडीकडे गेली तशा म्हणाल्या, “मांजर घुसते.”

दाराआडून रुचिकाचा आवाज येत होता. जवस मंद आचेवर भाजा, घाई करू नका. मग मिक्सर सुरू झाला.

“एकेचाळीस कार्यक्रम किती दिवसांत केले त्यांनी?”

“सहा.”

“सहाच दिवसांत? एवढं कशासाठी?”

“मीच करवून घेतले. साडी बदल, चाल पुढं. साडी बदल, चाल पुढं. एकदा रडली. म्हटलं, आधी हे, रडणं मंग.”

सुरभीने लिहून घेतलं. “त्यांचा फोन?”

“माह्याजवळ राह्यते.” सुलोचनाबाईंनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला.

मुलगा पियुष ओडिशात पाइपलाइनच्या कामावर होता, दिवाळीला यायचा. डबा खाता खाता रोज बायकोचा कार्यक्रम बघायचा. एक-दोन शब्दांच्या त्या कमेंटा त्याच्याच.

“एक दिवस ठिपका नाई दिसला, तर दुसऱ्या गाडीनं घरी,” सुलोचनाबाई म्हणाल्या.

“जीव आहे म्हणायचा बायकोवर.”

“हो ना. लय जीव.”

तेवढ्यात लाईट गेली. पंखा दोन फेरे घेऊन थांबला. आत मिक्सरची घरघर चालूच होती. सुरभीने लिहिलं : लाईट गेली तरी हिला सुट्टी नाही.

सुलोचनाबाईंनी चहा अंगणातल्या चुलीवर केला. दोनच कप. मग पदराने चष्मा पुसून त्यांनी विचारलं, “तुम्ही काय बदलून राह्यल्या त्याच्यात?”

सुरभीने लॅपटॉपवर नवा नमुना दाखवला. लाल ठिपका नाही. त्या जागी करडी पट्टी : आधी चित्रित केलेला कार्यक्रम.

म्हातारीने पट्टीवर बोट ठेवलं. “हे कधीपासून?”

“दोनेक आठवड्यांत.”

“आधी लावून ठेवले त्याहीले लागन?”

“सगळ्यांनाच.”

“दिवाळी होऊ दे ना, पोरी. तुमचं काय जाते?”

“काकू, लोक फसतात हो.”

“फसतात तं फसू दे. मिठानं कोणी मरते काय?”

सुरभीच्या डोक्यात आता सगळं लख्ख होतं. सून कोंडलेली, फोन काढून घेतलेला, आणि सासूला चिंता एकेचाळीस कार्यक्रमांची. निघताना ती मुद्दाम दाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “येते हं, रुचिकाताई. काही सांगायचं आहे का?”

आतून आवाज आला, “चवीपुरतं मीठ.”

सुलोचनाबाईंनी खाली बघितलं.

वर्ध्यापर्यंत सुरभीच्या कानात तेच वाजत राहिलं. बोलायचीसुद्धा मुभा नाही बिचारीला. रोज बाराला हजर असल्याचं सोंग नुसतं. ठिपका गेला की सोंगही गेलं. निदान तेवढी तरी सुटेल.

पुण्याच्या बैठकीत ती कधी नव्हे ती भांडली. दोन आठवडे कशाला, म्हणाली. काम तिने सहा दिवसांत करवून घेतलं.

बुधवारी बाराच्या ठोक्याला करडी पट्टी आली. सुरभी टेबलाशी ‘रुचिकाचा ओटा’ उघडून बसली होती. पडद्यावर रुचिका हिरव्या साडीत झुणका घोटत होती.

बारा वाजून चार मिनिटं, रूपराव गुरुजी : आता उलगडा झाला. आभार.

शेजारच्या टेबलावरून कोणीतरी टाळी दिली.

बारा वाजून सहा मिनिटं : आई.

बारा वाजून सात मिनिटं : आई फोन उचल.

बारा वाजून नऊ मिनिटं : निघालो.

सुरभी निळ्या फाटकाशी पोचली त्याच्या नऊ दिवस आधी सुलोचनाबाईंनी रुचिकाला पियुषच्या नकळत सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसवून दिलं, आणि घरी येऊन, बाराचा कार्यक्रम वाजवायला एक मोबाइल ओट्यावर ठेवून, रिकाम्या स्वयंपाकघराला बाहेरून कडी लावली.