न पडता एक फेरी

चॅपलच्या दारासमोर सिस्टर पुन्हा आपटल्या.

पटांगणाच्या बाकीच्या तिन्ही बाजूंना सायकल कशी झक्क चालली होती! पण चॅपल आलं की त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाकडे जायचा. क्रूसाची खूण: कपाळ, छाती, मग दोन्ही खांदे. उभ्या जन्माची सवय ती, सायकलसाठी थोडीच थांबणार? हात सुटला की सायकल एकीकडे, सिस्टर दुसरीकडे.

"हँडल सोडायचं नाही, किती वेळा सांगायचं? लक्ष कुठे असतं तुमचं?" शाळेच्या शिपायाची मुलगी कमरेवर हात ठेवून ओरडली. सायकल तिची होती आणि वाक्य सिस्टरांचंच, गणिताच्या तासाचं. बघायला जमलेला सगळा वर्ग खो खो हसला. सिस्टरही हसल्या आणि झगा झटकून पुन्हा सायकलकडे वळल्या.

उद्या कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर त्यांची फेरी बघणार होत्या. त्यांच्या धर्मसंघाच्या पहिल्या सिस्टर इथे पायी आल्या, झाडाखाली शाळा मांडून बसल्या. त्यांनी काढलेल्या शाळांतली टेकडीपलीकडची सगळ्यांत लहान. सिस्टर तिथे रोज दुपारी बसने शिकवायला जायच्या. आता बसच बंद झाली, आणि चालत जायचं तर पोचेपर्यंत शाळा सुटायची वेळ. पोरं नुकती कुठे वाचायला लागली होती. सिस्टरांचा सगळा जीव तिकडे.

मदरनी साफ सांगितलं होतं, "न पडता एक फेरी मारून दाखवा. नाही जमलं तर ती शाळा बंद. मला रस्त्यावरून तुमची हाडं गोळा करायची नाहीत."

दुसऱ्या दिवशी मदर फाटकाशी उभ्या राहिल्या. सिस्टर निघाल्या. एक बाजू, दुसरी, तिसरी. चॅपल आलं. उजवा हात चुळबुळला.

तेवढ्यात दारासमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलींनी एकदम कपाळाला हात लावले. ज्यांच्या घरी क्रूस नव्हता त्यांनीही शेजारणीचं बघून खूण केली. कुणाचा हात आधी भलत्याच खांद्यावर गेला.

"सिस्टर, तुमची पण आम्हीच केली! हँडल धरा!" शिपायाची मुलगी किंचाळली.

सिस्टरांनी हँडल घट्ट धरलं. सायकल डुलली, सावरली आणि चॅपल मागे पडलं. पटांगणात नुसता कल्ला झाला.

"मदर, सरका!" सिस्टर फाटकाकडे येत ओरडल्या. "उतरायला अजून शिकले नाही!"

मदरनी फाटक सताड उघडलं.

"मग उतरता कशाला? जा तशाच. पोरं खोळंबलीत."