भिंतीपलीकडचा रियाज

निशिवाकींनी शेजारची बेल दाबली तेव्हा त्यांच्या हातात नाशपातीची पेटी होती. इतकी वर्षं एका भिंतीला लागून राहूनही या दारात ते पहिल्यांदाच उभे होते. कुरायोशीसारख्या जपानी गावात शेजारधर्म म्हणजे कचरा ठरल्या वारी बाहेर ठेवणं, आणि तो दोघांनीही चोख पाळला होता.

दार उघडलं. ओगिनो-सान सत्तरीच्या पुढच्या, तरी ताठ. हातात लांब दांड्याचा झाडू.

"आभार मानायला आलोय." निशिवाकी कमरेत वाकले. "उद्या सभागृहातल्या गाण्याच्या स्पर्धेत गाणार आहे मी. तुमच्यामुळे."

"माझ्यामुळे?"

"तुम्हीच शिकवलंत की."

ओगिनो-सान यांनी आधी झाडूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अशा माणसाशी वाद घालू नये एवढं त्यांना कळत होतं. "आत या," त्या म्हणाल्या.

निवृत्तीनंतर माणसानं काहीतरी नवं शिकावं, असं वर्तमानपत्रं रोज सांगत असतात. निशिवाकींनी बस चालवायची सोडली आणि गाणं धरलं. क्लासच्या मास्तरांनी महिनाभर ऐकून घेतलं आणि त्यांना मासेमारी सुचवली. मग ते घरीच भिंतीकडे तोंड करून गायला बसले. पहिल्याच संध्याकाळी पलीकडून आवाज आला, धप्प. कोणीतरी इतकं लक्ष देऊन ऐकतंय, या विचारानं त्यांनी गाणं आणखी जोरात धरलं होतं.

"एक ठोका म्हणजे सूर चढला," ते आता गादीवर गुडघे मुडपून सांगत होते. "दोन म्हणजे आवाज फार. आणि सलग ठोके आले की पुन्हा पहिल्यापासून."

"सलग ठोके म्हणजे गप्प बसा! कान किटले होते माझे."

"तसं असेल असं मलाही एकदा वाटलं होतं," निशिवाकी म्हणाले. "पण मग रियाज थांबला असता."

ओगिनो-सान यांनी पेटीतली एक नाशपाती सोलायला घेतली.

"आता बरेच दिवस भिंत गप्प आहे," निशिवाकी चाचरत म्हणाले. "तुम्ही आजारी आहात की माझं गाणं सुधारलंय, तेवढं सांगा. उद्या चुकलो तर एकच घंटा वाजेल, म्हणजे नापास, आणि सगळ्या गावासमोर खाली उतरावं लागेल. नाव मागे घ्यायला आज संध्याकाळपर्यंत मुभा आहे."

"मला काही झालेलं नाही." सालीची लांब पट्टी खाली उतरत गेली. "दुसऱ्या कडव्यात बोट बंदर सोडते ना, तिथे तुम्ही अजून घाई करता. पण एक दिवस ठोकावंसं नाही वाटलं. भांडी घासत होते, ती तशीच राहिली. नळ बंद करून ऐकत बसले. मग रोजच."

निशिवाकींचं कपाळ चटईला टेकलं.

"उठा आता. फोडी काळ्या पडतील," ओगिनो-सान म्हणाल्या. "आणि म्हणून दाखवा. एवढा त्रास काढलाय, तोंड तरी बघू दे."

निशिवाकी उठले, घसा खाकरला, आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"अहो, मी इकडे आहे."

"आयुष्यभर माणसं पाठीमागेच बसली माझ्या," ते भिंतीलाच म्हणाले. "समोर कोणी असलं की आवाज फुटत नाही."

"उद्या सगळे समोरच असणार."

"म्हणून तर संध्याकाळपर्यंत..."

ओगिनो-सान यांनी हात पुसले. आपली गादी उचलली. निशिवाकी आणि भिंत यांच्यात जेमतेम हातभर जागा होती; तिथे ती टाकून, पाठ भिंतीला लावून त्या बसल्या आणि मान वर केली.

"हं."

निशिवाकींनी श्वास घेतला आणि डोळे घट्ट मिटले.

"डोळे उघडे," ओगिनो-सान म्हणाल्या.