दहा माणसांचा एक्सल

प्रार्थनेला दहा पुरुष लागत, म्हणून सॉलोमन दर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत खाडीकाठच्या गावांतली बेने इस्रायल ज्यू मंडळी जीपमध्ये कोंबून पनवेलच्या सिनेगॉगला आणायचा. त्या वजनाने चिखलात पुढचा एक्सल दोनदा मोडला, तेव्हा वैतागून त्याने लष्करी भंगारातला जाडजूड एक्सल आणि कडक स्प्रिंगचे पाटे बसवून घेतले.

"आता खुशाल सगळे बसा!"

"बरं झालं, सॉलोमनभाऊ," त्या मंडळींतला इनॉक हळूच म्हणाला. "मंगळवारी इस्रायलची बोट आहे. आम्ही सगळे कायमचे निघालोय, पेट्यांसकट मुंबईच्या धक्क्यावर सोडाल ना?"

 

मुंबईहून परतताना जीप खड्ड्याखड्ड्यात उसळत होती. दहा जणांसाठी बसवलेल्या एक्सलला एकट्या सॉलोमनचं वजन जाणवतच नव्हतं.