कोरडी बोट

ज्ञानूनं पान्ह्यावर सगळा जोर टाकला आणि पितळी नट आणखी पाव फेरा आवळला. थेंब थांबला. दोन वर्षांत पहिल्यांदाच रावसाहेबांच्या शिडाच्या बोटीचा तळ कोरडा ठणठणीत झाला, आणि ज्ञानूनं मात्र चोरासारखं इकडंतिकडं बघितलं.

काम चुकीचं होतं, आणि ते त्याच्याएवढं कुणालाच ठाऊक नव्हतं. इंजिनाचा दांडा बोटीच्या बुडातून बाहेर पंख्याकडे जातो. त्या भोकात चरबीत भिजवलेला तागाचा पीळ ठासायचा, वरून नट आवळायचा, पण बेतानं. दांडा फिरताना थेंब थेंब पाणी आत यायलाच हवं, त्यावरच तो थंड राहतो. नट गच्च आवळला की बोट कोरडी दिसते आणि घटकाभरात दांडा तापून जाम होतो.

ही मेख ज्ञानूनं कुणालाच सांगितली नव्हती. अगदी रावसाहेब आनंदरावांनाही नाही. विद्या दाखवली की किंमत गेली, असं त्याचं गणित. सुकाणू धरणाऱ्या मानसिंगानं पहिल्याच आठवड्यात विचारलं, तर ह्या पठ्ठ्यानं पाठ फिरवून काम केलं. बाजूनं ओठ तेवढे हलताना दिसायचे. लोक म्हणायचे, ज्ञानू यंत्रावर मंतर घालतो. त्याला ते गोडच लागायचं.

आता तेच अंगाशी आलं होतं. वेल्ह्याहून निरोप आला होता की उद्या दुपारी पंच बसणार आणि त्याच्या बायकोला, भामाबाईला, काडीमोड देणार. दोन वर्षांत दोनदा तोंड दाखवलेल्या नवऱ्याची वाट बघायला ती तयार नव्हती. बोटीशीच संसार करा म्हणावं, असं तिनं कळवलं होतं. ज्ञानू ढसाढसा रडला. तिच्यावाचून त्याला घर कसलं? पण तो रावसाहेबांचं कूळ. न विचारता जावं तर जमिनीवरून उठायची पाळी. आणि रावसाहेबांचं एकच पालुपद, गळकी बोट टाकून कुठं निघालास, तुझ्यामागं बघायचं कुणी? कोरडी कर नि जा.

म्हणून केली कोरडी. रावसाहेबांनी तळाला हात लावून पाहिला. खूश होऊन म्हणाले, चल, धरणाच्या टोकापर्यंत बोटीनंच सोडतो, तिथून खिंड ओलांडलीस की वेल्हं.

घ्या! करायला गेलो एक. मानसिंग सुकाणूवर बसला, ज्ञानूही चढला, नाही म्हणायला तोंड होतंच कुठं? भाटघर धरणाचं पाणी निवांत पसरलेलं. वारा पडलेला, शीड लुळं, सगळी भिस्त इंजिनावर. रावसाहेब शिकारीच्या गोष्टी सांगत होते. निम्म्या वाटेवर ज्ञानूच्या नाकाला चरबी जळल्याचा वास आला. गप्प बसावं तर दांडा जाम, भर पाण्यात मुक्काम, आणि पंचांपुढं भामाबाई एकटी. बोलावं तर रजा गेली. पळायला चहूकडं पाणीच पाणी.

त्यानं फळी उचलली आणि नट सैल केला. चर्रर्र करून वाफ उठली. मग थेंब पडू लागले.

"गळायलाच पायजे, रावसाहेब," तो मान खाली घालून म्हणाला. "म्या लपवलं."

रावसाहेबांचा चेहरा लाल झाला. मग रजा कसली, त्यांनी विचारलं, हे थेंब बघायचे कुणी?

ज्ञानूनं क्षणभर पान्हा हातात घट्ट धरला. मग मानसिंगापुढं केला.

"सात डाव मेंगाईचं नाव घ्यायचं. तेवढ्यात एक थेंब पडला पायजे. जास्ती पडलं तर आवळ, कमी पडलं तर सोड."

सुकाणू बगलेत धरून मानसिंग सात वेळा देवीचं नाव पुटपुटला. थेंब पडला. रावसाहेबांनी हातानंच वेल्ह्याकडं चला अशी खूण केली.

"एवढंच व्हय?" मानसिंग म्हणाला. "दोन वर्सांमागं हेच तर इचारलं हुतं की रं म्या."