पूजेतला कॅमेरा

"ताई, आटप लवकर. गिऱ्हाइकं काय दिवसभर तिष्ठत बसणार आहेत?" अवधूत खुर्चीतूनच खेकसला.

कुमुदिनीने निरांजन लावलं. खंडेनवमीला भावाने तिला स्टुडिओतली हत्यारं पुजायला बसवलं होतं. त्याला असल्या गोष्टींचा कंटाळा. पाटावर मधोमध होता तो फुल फ्रेम कॅमेरा. तिचाच. मंगळागौरींचे, डोहाळजेवणांचे फोटो काढून काढून घेतलेला. अवधूतने दोन दिवसांसाठी म्हणून नेला, त्याला वर्ष झालं. परत मागितला की म्हणे, "तुला कशाला? जपमाळेचे फोटो काढायला?" आता तर कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर त्याने स्वतःचं नाव शिवून घेतलं होतं.

काचेला धक्का न लावता तिने कॅमेऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पुजलेली हत्यारं रीतीप्रमाणे दिवसभर पाटावरच राहिली.

दसऱ्याच्या सकाळी ती पुन्हा आली. पूजा उतरवायला अक्षता टाकून तिने कॅमेरा जागचा हलवला, पट्टा सोडवून पाटावर ठेवला आणि कॅमेरा आपल्या पिशवीत घातला.

"ए, कुठे निघालीस घेऊन? माझा धंदा आहे त्याच्यावर."

"खंडेनवमीला आपलं हत्यार आपणच पुजायचं असतं," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "काल सगळ्यांदेखत तूच मला पूजेला बसवलंस."

बाकावरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने मान डोलावली.

दारातून ती वळली.

"पट्टा तेवढा ठेवलाय. तुझं नाव आहे त्याच्यावर."