कॅमेऱ्यामागची

संहिताचा चेहरा जिथं जिथं दिसला, तिथं तिथं कीर्तीनं कात्री चालवली. कात्री म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावरचं एक छोटंसं चित्र. ते दाबलं की व्हिडिओचा तुकडा पडतो आणि नकोसा भाग नाहीसा होतो. घरगुती फिल्म बनवायचं हे सॉफ्टवेअर लहान मुलांनाही जमेल, असं ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती. ते खरंच तितकं सोपं होतं.

रविवारी खुशीचा आठवा वाढदिवस. तिच्या बाळपणापासूनच्या व्हिडिओंची एक फिल्म करू, ही कल्पना कीर्तीचीच. प्रशिकनं कपाटातून जुनी हार्ड डिस्क काढून दिली आणि बुटाची लेस बांधता बांधता, वर न बघता म्हणाला, "संहिता असेल तो भाग काढलास तरी चालेल." त्याची पहिली बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, कीर्ती या घरात येऊन तीन. त्यानं भलेपणानंच म्हटलं होतं. कीर्तीला त्या भलेपणाचाही राग आला.

काम तासाभरात उरकेल असं तिला वाटलं, कारण संहिता फारशी कुठं दिसतच नव्हती. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. संहिता दिसत नव्हती, कारण शूटिंग तीच करत होती.

चिडियाघरात माकडांच्या पिंजऱ्यासमोर प्रशिक खुशीला खांद्यावर घेऊन माकडाची नक्कल करत होता. गॅलरीत डोक्याला टॉवेल बांधून नाचत होता. हनुवटीला जिलबीचा पाक लागला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. कीर्तीला माहीत असलेला प्रशिक सिलिंडर, स्कूल बस आणि पीथमपूरच्या कारखान्यातल्या शिफ्टबद्दल बोलायचा. वागायला चांगला, आवाज कधी चढवायचा नाही. हा नाचणारा माणूस तिनं कधी पाहिलाच नव्हता. आणि नाचता नाचता तो बघत होता थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे संहिताकडे. जगात दुसरं कुणी नसल्यासारखा. मधूनच तिचं हसू फुटायचं आणि पाठोपाठ आवाज यायचा, "बस करा हो हिरो. खुशी, इकडे बघ गं!"

कीर्तीनं आवाजाची पट्टी खेचून शून्यावर आणली. सॉफ्टवेअरमध्ये तयार संगीत होतं, त्यातली एक आनंदी धून खाली जोडली. हसू गेलं. डोळे राहिले. मग तिनं प्रशिक कॅमेऱ्याकडे बघतो तेवढे तुकडे काढायला घेतले. काढता काढता लक्षात आलं की खुशीही तिकडेच बघतेय, रांगत तिकडेच येतेय, पहिलं पाऊल टाकून पडली तेही त्याच दिशेला. सगळं कापून झाल्यावर उरला एक रिकामा झोपाळा आणि खुशीची पाठ. याची फिल्म कोण बघणार? मागे नेणारा बाण दाबत दाबत तिनं सगळं पुन्हा जागच्या जागी आणलं. त्याबरोबर आवाजही परत आला, आणि सुरुवातीला कापलेला संहिताचा चेहराही.

तेवढ्यात खुशी डान्स क्लासहून आली. बॅग सोफ्यावर टाकून मागून आली आणि कीर्तीच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बघू लागली. पडद्यावर तीच रांगत होती. "खुशी, इकडे बघ गं!"

"मम्मी, ही तू बोलतेयस ना?"

कीर्तीचा हात थांबला. बाहेरच्या खोलीत संहिताचा फोटो होता, खुशी तो रोज बघायची. पण फोटो बोलत नाही. नुसतं 'हो' म्हटलं की झालं असतं. तो आवाज, ते हसू, प्रशिकचं ते बघणं, सगळं आयतं तिच्या नावावर जमा झालं असतं. प्रशिकनंही दुरुस्ती केली नसती. कीर्तीनं तोंड उघडलंसुद्धा. पण खुशीनं हनुवटीचा सगळा भार तिच्या खांद्यावर सोडला होता, आणि त्या भाराखाली तिला खोटं बोलता येईना.

"नाही बेटा. ही तुझी संहिता आई."

खुशी हळूच म्हणाली, "परत लाव ना."

कीर्तीनं परत लावलं. मग पुन्हा. खुशी ओठ हलवत तो सूर उचलत होती. या हिंदी मुलखात निदान आपल्याशी तरी नीट मराठीत बोलावं म्हणून कीर्ती तीन वर्षं तिच्या मागे लागली होती. आणि आज जेवायला बसेपर्यंत तो 'गं' खुशीच्या जिभेवर अगदी तसाच्या तसा बसला. कीर्तीनं तिला वरण वाढलं आणि उगाचच भांड्यांचा आवाज केला.

रविवारी बिल्डिंगमधली सगळी मुलं हॉलमध्ये दाटीनं बसली. फिल्म सुरू झाली. पहिलं हसू घरात घुमलं तसा दाराशी उभा असलेला प्रशिक चौकटीला धरून राहिला. त्यानं कीर्तीकडे पाहिलं. ती सरबताचे ग्लास भरत होती.

"खुशी, ये कौन बोल रहा है?" शेजारच्या स्पृहानं विचारलं.

"जो बोल रही है ना, वो मेरी मम्मी है," खुशीनं सांगितलं. मग तिनं कीर्तीकडे बोट केलं. "और जिसने पिक्चर बनाई, वो भी."

मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती केककडे वळली. कीर्ती हसली, एकेकाच्या हातात ग्लास देत गेली. तिच्या घशाखाली उतरत नव्हता तो फक्त एक 'भी'.