चिठ्ठीवरचा चौदा

चिठ्ठीवरच्या आकड्यांची उंची दर हंगामात वाढत होती. जुन्या फायलीतल्या चिठ्ठ्यांवर ते जेमतेम एक सेंटिमीटरचे होते. आता एका कागदावर एकच आकडा मावायचा, तोही जाड मार्करने काढलेला, तळहाताएवढा.

रेडिओ कार्यक्रमाच्या निर्मातीने हे गेल्या सहा वर्षांत तीनदा मोजलं होतं आणि तिन्ही वेळा ती गप्प बसली होती.

आज गप्प बसून चालणार नव्हतं. हंगामातला शेवटचा फुटबॉल सामना होता. वरिष्ठांनी तिच्या हातात एक फॉर्म ठेवला होता: रेडिओवरच्या समालोचकांच्या डोळ्यांची तपासणी. नापास झाले, तर चौतीस वर्षांची कारकीर्द तिथेच संपणार.

समालोचकांना सगळे भोंगाकाका म्हणत. शेजारी बसून त्यांना खेळाडूंचे आकडे लिहून देणारी त्यांची थोरली बहीण, ती आकडेताई. निर्मातीला माइकसमोर श्वास कसा घ्यायचा इथपासून सगळं काकांनीच शिकवलं होतं. म्हणूनच हे काम तिच्या गळ्यात आलं होतं.

"ताई, आज?" सामन्याआधी काकांनी टेबलावरचा दुसरा माइक रुमालाने पुसत विचारलं. हे ते दर सामन्याला विचारत.

"बघू पुढच्या सामन्याला."

"पुढचा सामना तीन महिन्यांनी आहे."

"मग घाई कसली?" ताईंनी कपाच्या काठावर बोट टेकवून थर्मासमधला चहा ओतला. "किती वाजले रे?"

समोरच्या फलकावर पुरुषभर उंचीचं घड्याळ होतं. काकांनी वेळ सांगितली.

सामना सुरू झाला. निर्माती काचेपलीकडच्या खोलीतून बघत होती. काकांची एक लकब अख्ख्या शहराला पाठ होती. गल्लीत खेळणारी पोरंही तिची नक्कल करायची. काका खेळाडूचा आकडा दोनदा म्हणत. आधी हळू, मग दणक्यात.

मैदानाच्या लांबच्या टोकाला कॉर्नर मिळाला. ऊन थेट काचेवर येत होतं. गोलसमोर एकसारख्या केसांची तीन डोकी एकदम उसळली.

"चौदा..." काका पुटपुटले. ताईंची चिठ्ठी वर आली. काकांनी ती हात लांब करून धरली. "चौदा नंबर! गोल!"

पहिला अंदाजाने आणि दुसरा चिठ्ठी बघून, असं ऑफिसात सगळे म्हणत.

"बदली खेळाडूने पहिल्याच स्पर्शात मारलेला या मैदानावरचा तिसरा गोल," ताई कुजबुजल्या. "पहिला बावीस वर्षांपूर्वी. गोलकीपर तेव्हा बुटाची नाडी बांधत होता."

काकांनी ते जसंच्या तसं श्रोत्यांना ऐकवलं आणि माइक क्षणभर बंद केला. "माझ्या पदरचं काही नाही बघ यात. तूच बोल ना एकदा."

"गळा कुणाचा मोठा?"

"डोकं कुणाचं मोठं?"

"लहानपणी टोपी तुलाच बसायची नाही," ताई म्हणाल्या. काकांनी हसू दाबत माइक पुन्हा चालू केला.

मध्यंतर झालं. निर्माती आत गेली. पाठ करून आणलेलं वाक्य ती दारातच विसरली.

"काका, हे... नवा नियम आहे."

काकांनी फॉर्म वाचला. "डोळे? माझे?"

"चिठ्ठ्यांवरचे आकडे सगळ्यांनीच बघितलेत, काका."

ताई मार्करला टोपण लावत होत्या. दोनदा ते बाजूलाच टेकलं.

"आणि मी पास झालो तर?"

"तर चिठ्ठ्यांची गरज नाही, असं वरचे म्हणतात. ताईंची खुर्ची काढून टाकणार."

काकांनी फॉर्मची नीट घडी घालून तो तिच्या हातात परत दिला.

"मग तपासणी कशाला करायची? लिहून टाक. भोंग्याचे डोळे गेले, भोंग्या थांबला. चौतीस वर्षं लोकांचे कान खाल्ले, पुरे झालं की! तोंड का पाडतेस? चहा घे."

निर्मातीला पेनचं टोपण निघेना.

"थांब गं, काही लिहू नकोस," ताई म्हणाल्या. त्यांचा हात टेबलावरून सरकत गेला, रुमालाला लागला, मग त्याच्या पलीकडच्या दुसऱ्या माइकला. तो त्यांनी स्वतःकडे ओढला. "भोंग्या, सहा वर्षं तू आधी बघून पुटपुटतोस ते ऐकून मी आकडे लिहितेय, कागदसुद्धा दिसत नाही मला. चिठ्ठ्या आजपासून बंद. हा चालू कर, पुढचा अर्धा सामना तू बघ, मी बोलणार."